आपा, दोन-चार की दोन-सहा?

“काढ! काढ म्हणते ना खिशातून! कोणाची हाये ही बांगडी? किसन्या, तुले इचारून राह्यली मी!”

तू ओरडत होतीस आणि अख्खा मोताळ्याचा बाजार थांबला होता. कढईतलं भज्यांचं तेल उकळायचं थांबलं, बकऱ्यांनी रवंथ सोडलं, मलकापूरच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी बंद करून खाली उतरला. इथे तू मला हमखास अडवलं असतंस, आपा. “एसटी कोणासाठी थांबते का बे?” असं म्हणाली असतीस. तू अडवणार या भरवशावर तर मी जन्मभर वाट्टेल ते सांगत आलो. आता अडवणारं कोणी नाही, म्हणून ते कामही माझ्याच गळ्यात आलं. तर एसटी थांबली नव्हती. तेलही उकळतच होतं. पण खेकडे धरणाऱ्या आम्हा भोयांची रांग मात्र खरोखर दगडासारखी थिजली होती. कारण त्या दिवशी आम्ही सगळे मिशीवाले बापे खिशात बांगड्या घालून बाजारात आलो होतो.

आदल्या संध्याकाळी धरणावर आमची बैठक झाली होती. नळगंगेच्या धरणातला खेकडा दरसाल लहान होत चालला होता. रोडवरच्या ढाब्यांनी ‘खेकडा थाळी’चे बोर्ड लावले, आणि तापात खेकड्याचा रस्सा प्यायला की माणूस उठून पळतो असं कोणीतरी मोबाइलवर पसरवलं, तेव्हापासून धरणाच्या भिंतीच्या दगडांत हात घालून आम्ही बोटाला लागेल ते उपसत होतो. बैठकीत ठरलं की लहान खेकडा परत पाण्यात सोडायचा. लहान म्हणजे केवढा? तळहाताएवढा, असं एकजण म्हणाला. पण माझा तळहात आणि दगडूकाकांचा तळहात यांच्या फरकात एक खेकडा बायकापोरांसकट राहू शकतो. शेवटी बांगडीवर एकमत झालं. खेकड्याच्या पाठीवर बांगडी ठेवायची. पाठ आत मावली तर खेकडा लहान, तो पाण्यात. पाठ बाहेर आली तर मोठा, तो टोपलीत. एवढं सोपं आणि देखणं माप काढल्याबद्दल आम्ही एकमेकांना तंबाखू दिली आणि घरी गेलो. बांगडी कोणाची, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. ज्याने त्याने आपल्या घरातली उचलली.

आणि आमच्या नशिबाने बाजारात आमच्या शेजारी बांगड्यांचं दुकान कोणाचं, तर जैतूनबी मनियारीणचं. म्हणजे तुझं.

माझ्या हातातली बांगडी तू चिमटीत धरलीस, फिरवलीस आणि वास घ्यावा तशी नाकाशी धरलीस. “ही तान्ह्या पोरीची हाये. तुया नातीच्या बारशाले म्याच भरली होती.”

“आपा, घरात तीच सापडली.”

“काऊन? बायकोच्या, सुशीलाच्या हातात काय दोरे बांधून राह्यले का मग?”

त्या बांगडीने मोजला असता तर विंचूसुद्धा मोठा निघाला असता, हे मला मान्य आहे. पण तू मला सोडून पुढे गेलीस, रांगेतल्या एकेकाची बांगडी हातात घेत गेलीस, आणि बांगडीवरून हात ओळखत गेलीस. ही याच्या मायची. ही त्याच्या नव्या सुनेची, आणि सुनेले न इचारता आणली हे पक्कं. दगडूकाकांपाशी आलीस तेव्हा मात्र तुझा आवाज खाली आला. “काका, ही काकूची हाये. दोन-आठ.” तुमच्या धंद्यात मापं अशीच चालतात ना, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन इंचांवर तेवढे आणे. रुपयातले आणे कधीचे गेले, बांगडीतले राहिले. दोन-आठ म्हणजे भरल्या हाताच्या बाईची. त्या बांगडीने मोजून सरळमार्गी दगडूकाकांनी सकाळी निम्मी टोपली धरणात परत ओतली होती, आणि नातीच्या बांगडीने मोजून माझी टोपली वर शिगोशीग भरली होती.

बाजार हसला. दगडूकाका हसले नाहीत. ते म्हणाले, “माप बराबर हाये, माणसं चुकली. वाढप कोणाच्या हाती देतो आपण? ज्याले उपास हाये त्याच्या. जिच्या घरी खेकडा शिजत नाई, तिच्या हाती माप द्या.”

तुझ्या घरी खेकडा चालत नव्हता. तू खाणारी नाहीस, विकणारी नाहीस, पकडणारी नाहीस. आमच्यातल्या प्रत्येकाच्या बायकोचा हात मात्र तुझ्या हातातून गेलेला. एवढी लायकी कोणत्या साहेबाकडे होती, सांग!

“मले खेकड्याचं भेव वाटते,” तू म्हणालीस.

“त्यालेही तुयं वाटंल,” मी म्हटलं. तेव्हापासून तू धरणाची झालीस.

*

तू गेल्यावर लोकांनी पेपरात तुझं बाकी सगळं छापलं. ताप कधी आला, दवाखाना कोणता, मागे कोण कोण आहे. ते मी लिहीत नाही. मला त्याचा कंटाळा आहे. खरं सांगायचं तर सगळ्याचाच कंटाळा आला आहे, आपा. परवा पारावर एकाने विचारलं, “किसनभाऊ, त्या खेकड्याचं सांगा ना, ज्याने बैलगाडी धरून ठेवली होती.” मी सुरुवात केली. माझ्या आज्याची बैलगाडी नदीतून चालली होती, खेकड्याने चाकाचा आरा धरला, बैलांनी गुडघे टेकले. इथपर्यंत आलो आणि सवयीने थांबलो. तू इथे म्हणायचीस, “बैलं कोणत्या रंगाची होती बे? मागच्या टायमाले पांढरी सांगतली होती.” सगळे माना हलवत बसले. खोटं बोलणाऱ्याला मान हलवणारा श्रोता मिळाला की काय होतं माहीत आहे? खाली पाण्यात पाय टाकावा आणि तळच लागू नये, तसं होतं. बैलांना तिथेच नदीत सोडून मी उठून घरी आलो.

तुझं काम करणं मला डोळ्यांपुढे दिसतं. बाजाराच्या सकाळी धरणावर ऑटोतून उतरायचीस, एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात तू माप म्हणून ठरवलेली ती पितळेची दोन-चार. काचेची चालत नव्हती, खेकड्याच्या नांगीने एक फोडली तेव्हा तू त्याला अशा शिव्या दिल्यास की तो आडवा चालायचा विसरून सरळ चालत गेला. (तू असतीस तर इथेही अडवलं असतंस.) बाभळीखाली आमच्या टोपल्या ओळीने. तू डोळे मिटून टोपलीत हात घालायचीस, येतील ते खेकडे काढायचीस. कारण डोळे उघडे असले की माणसाचा हात मोठ्याकडेच जातो, असं तुझं म्हणणं होतं. आणि मग प्रत्येकाच्या पाठीवर बांगडी. पहिल्या पावसाळ्यात खेकडा हाताला लागला की तू दचकायचीस. मग एक दिवस तू खेकड्याला मागून धरलंस आणि नव्या नवरीचा आखडलेला हात धरून बोलायचीस तसंच त्याच्याशी बोललीस, “ढीला छोड, बेटी. हात ढीला छोड. कुछ नहीं होता.” आम्ही पोट धरून हसलो. पण खेकडी खरंच सैल पडली. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

तू तिला उलटी केलीस. पोटाखालचा तो पदर, आम्ही त्याला पदरच म्हणतो, तू बोटाने उचललास. आत राईच्या दाण्यांसारखी पिल्लं चिकटलेली. बांगडीच्या हिशोबाने खेकडी मोठी होती. टोपलीत गेली असती.

“हिले सोडा,” तू म्हणालीस.

“आपा, मापात बसते ना ती. नियम हाये.”

“पदरात लेकरं असलेली बाई बाजारात बसवायची नाई. हा बी नियम हाये. आतापासून.”

कोणी ठराव केला नाही, सही केली नाही. त्या दिवसापासून पदर उचलून बघणं सुरू झालं, एवढंच.

आणि तुझ्या त्या माळा. जोडी फुटून एकट्या उरलेल्या बांगड्या तुझ्याकडे पेटीभर असायच्या, त्या कामाला आल्या. टोपलीतले बहुतेक खेकडे बांगडीबाहेर आले की दोरीत एक हिरवी ओवायचीस. अर्धे आत अर्धे बाहेर तर पिवळी. बहुतेक आतच मावले तर लाल. सालाअखेर माळ दुकानाच्या खांबाला टांगायचीस, शेजारी मागच्या सालाची. बाजारातली पोरंटोरं खांबाला हलवून खळखळ वाजवायची. आम्हाला त्या माळांची किंमत नव्हती. एकदा मत्स्य खात्याचे एक साहेब चहा पिता पिता त्या खांबासमोर उभे राहिले, आणि कप तोंडाशी नेलेला तसाच राहिला. पहिली माळ हिरवीगार. दुसरी हिरवी-पिवळी. नंतरचीत लाल शिरलेली. मग त्यांनी मला विचारलं, “यात लबाडी किती?” मी म्हटलं, “साहेब, लबाडीचं सगळं खातं माझ्याकडे आहे. तिच्याकडे काही नाही.” हे मात्र मी तुझ्याबद्दल बोललेलं एकमेव वाक्य, जे अडवायला तू तिथे नव्हतीस. गावात कोणाच्या तरी घरी बांगड्या भरायला गेली होतीस.

*

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. बोलायची पद्धतच नाही आमच्यात. लोक माझ्या गप्पांना हसायचे. तू मोजायचीस.

आठवतं, तो उन्हाळा? पाणी खूप खाली गेलं होतं, जुन्या गावाची बुडालेली विहीर उघडी पडली होती. मी बाजारात येऊन सांगितलं की विहिरीच्या फुटक्या काठात खेकड्यांच्या माया पिल्लं घेऊन बसल्या आहेत, पाय ठेवायला जागा नाही, जणू सरकारी दवाखान्याचा बाळंतपणाचा वॉर्ड. सगळे हसले. बंडूने विचारलं, “नर्सही होती का, किसनभाऊ?” हा बंडू म्हणजे रोडवरचा ढाबेवाला, आमचा अर्धा माल तोच उचलतो. मी म्हटलं, होती, पांढऱ्या टोपीची. मग मलाच माझ्या बोलण्याचा कंटाळा आला.

तू उठलीस. करीमभाईंना दुकानात बसवलंस. तुझा नवरा म्हणजे मुक्याचा मोठा भाऊ, गिऱ्हाईकाला भावसुद्धा बोटांनी दाखवणारा. त्या भर उन्हात ऑटो करून तू धरणावर आलीस, चिखलात चपला हातात घेऊन विहिरीपर्यंत गेलीस. वाकून पाहिलंस. खूप वेळ पाहिलंस. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणालीस, “नर्स नाई हाये. बाकी बराबर हाये.”

आणि विहिरीचा तो काठ पुढच्या पावसापर्यंत बंद झाला. बंडू चिडला, दोन भोई चिडले, पण काठ बंद राहिला. त्यानंतर तू मला सांगितलंस, “किसन्या, तुया गप्पीत चार हिश्शातला एक हिस्सा खरा असते. बाकीचे लोकं चारही फेकून देतात. मले तो एक हिस्सा पाहायले जाणं पडते, म्हणून माये पाय दुखतात.” तुझे पाय दुखत होते आणि तू चिडून बोललीस. मला मात्र कोणी भरसभेत फेटा बांधावा तसं वाटलं. ते मी तुला सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, फेटा कोणत्या रंगाचा बे?

*

आता आपल्या भांडणाचं. ते मिटलेलं नाही, आणि तू मेलीस म्हणून मी ते मिटलं असं धरणार नाही.

मागच्या साली तुझ्या माळेत लाल बांगड्या हिरव्यांपेक्षा जास्त झाल्या. तू ती माळ घेऊन धरणावर आलीस आणि म्हणालीस, माप वाढवा. दोन-चार पुरत नाही. दोन-सहा करा.

मी उभा राहिलो. सगळ्यांच्या वतीने मीच का उभा राहिलो, तर माझा आवाज मोठा. “आपा, दोन-सहा ठेवली तर आमच्या टोपलीत काय पडंल? टोपली पडंल फक्त.”

“एकदोन पावसाळे कमी पडंल. मंग भरंल.”

“अन् तोवर चुलीवर काय ठेवू? तुया माळा?”

“दोन-चारच्या बाहेर जी येऊन राह्यली ती कालची पोर हाये. पहिलटकरीण बी नाई झाली अजून. तिले एक डाव तरी पदर भरू दे.”

“तुले खायाचं नाई म्हणून बोलणं सोपं हाये!”

हे मी म्हटलं. आणि ज्या कारणासाठी तुझ्या हाती माप दिलं होतं, तेच कारण तुझ्या तोंडावर मारलं. तू अडवलं नाहीस, म्हणून मी आणखी पुढे गेलो. “दोन-सहा काऊन? तुया सोताच्या हाताचं माप दोन-सहा हाये म्हणून? तुया हाताचं माप आमच्या धरणाले लावतं का?”

“हाव!” तू ओरडलीस. “लावते! काय करशीन?”

आणि हातातली ती पितळेची दोन-चार तू धरणात फेकलीस. अशी फेकलीस की ती पाण्यावर उड्या मारत मारत पार त्या काठाला...

नाही. टपकन बुडाली. एकदाच आवाज आला.

“घे तुयी दोन-चार. आता पुढच्या बाजाराले मी दोन-सहाच आणते. ज्याले मोजायचं त्याने मोजा, नाईतर सगळं उपसून टाका एकदाचं, अन् मंग बसा गप्पा हाणत.” ऑटोत बसताना तू थर्मास विसरलीस. तो माझ्याकडेच आहे. पुढच्या बाजाराला द्यायचा म्हणून सुशीलाने घासून ठेवला होता.

पुढच्या बाजाराला तू आली नाहीस.

मी अजूनही म्हणतो, दोन-सहा जास्त आहे. चुलीच्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस. माझ्या मनात रोज हे भांडण चालतं, आणि रोज मीच दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि तुझ्या बाजूने बोलताना मी जरा जास्त चांगला बोलतो. त्याचाच मला थकवा येतो.

कब्रस्तानात माती देताना मी रांगेत होतो. माझी पाळी आली, मूठभर माती घेतली आणि मूठ उघडेना. मागे माणसं खोळंबली. इतका मोठा भोई, या हाताने किती खेकड्यांच्या नांग्या सोडवल्या, आणि स्वतःची मूठ सुटेना. मग तुझाच आवाज आला, आता कोणी विश्वास ठेवो की न ठेवो. “ढीला छोड. हात ढीला छोड. कुछ नहीं होता.” तेव्हा ती माती पडली.

*

मग तुझ्यानंतरचा पहिला बाजार आला.

सकाळी सगळे बाभळीखाली जमले. ऑटो नाही, थर्मास नाही. बंडूचा टेम्पो मात्र आला होता, आणि त्याने मागचा फाळका आधीच उघडून ठेवला होता. रात्रभर त्याने विचार करून ठेवला असावा, कारण भाषण पाठ होतं. “आपा चांगली बाई होती. पण माप धरणात गेलं, मापवाली अल्लाच्या घरी गेली. आता नियम कोणाचा? मी लहान-मोठा सगळा माल घेतो. एकाच भावात. मोजायची भानगडच नाई.”

सगळ्यांच्या टोपल्या भरलेल्या होत्या, कारण त्या सकाळी कोणीच काही पाण्यात सोडलं नव्हतं. मीही नाही. एकदा ही टोपली बिनमोजता टेम्पोत गेली की पुढच्या बाजाराला दुसरी जाणार होती, आणि बांगडीचं माप म्हणजे पारावर सांगायची एक गंमत होऊन राहणार होती. आणि पारावरच्या गमती मीच सांगतो.

मी म्हटलं, “दोन-चारने मोजू. दुसरी आणू कुठूनतरी.”

“तू मोजणार?” एकजण म्हणाला. “तुया तोंडात गेला की खेकड्याचं कासव होते, किसनभाऊ.”

सगळे हसले. आणि मला पहिल्यांदा कळलं की आयुष्यभर खोटं बोलण्याची किंमत कुठे मोजावी लागते. ती आपल्याच बाभळीखाली, आपल्याच माणसांत, एकच खरी गोष्ट सांगायची असते त्या दिवशी मोजावी लागते. मी काय करणार? मला जे येतं तेच केलं. वेळ काढू लागलो. टोपलीतून सकाळचा सगळ्यात मोठा खेकडा काढला आणि सांगायला लागलो की याने मला पाण्यात कसं ओढलं, माझा गमछा कसा नेला, बुडालेल्या विहिरीत नेऊन मला कसं बसवलं. बंडू घड्याळ पाहत होता. दगडूकाका खाली पाहत होते. माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता.

मी बोलत असतानाच मागून कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. करीमभाई होते. मोताळ्याहून चालत आले होते, पांढरा कुर्ता गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला. माझ्या शेजारी उकिडवे बसले, खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर उलगडला. आत एक हिरवी काचेची बांगडी.

माझ्या हातातला खेकडा त्यांनी जमिनीवर ठेवायला लावला. मी मागून धरून ठेवला. बांगडी पाठीवर नीट बसेना. मी म्हटलं, “करीमभाई, सावकाश. काच हाये.” त्यांनी मान हलवली. मग बांगडी टेकली.

खेकड्याची पाठ आत मावली. काठाकाठाने, पण मावली.

“अरे, ही मोठी दिसते,” बंडू म्हणाला. “दोन-चार ठेवा ना, भाई. दोन-चारच्या तो बाहेर येते.”

ते खरं होतं. तू असतीस तर तूही खरं म्हणाली असतीस. दोन-चारने तो टोपलीत होता. मी करीमभाईंकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं. टोपलीत असे किती होते ते मला बघायचं नव्हतं. मग खेकडा उचलला, धरणाच्या दगडांवरून खाली उतरलो आणि पाण्यात ठेवला. तो क्षणभर तिथेच बसून राहिला, आणि मग आडवा आडवा खोल गेला. गमछा न घेता.

वर आलो तर दगडूकाकांनी आपली टोपली करीमभाईंसमोर सरकवली होती. त्यांच्यामागे दुसऱ्याची. तिसऱ्याची. कोणी टोपलीवरचं फडकं उचलताना मोठ्याने श्वास टाकत होतं, कोणी शिव्या देत होतं, मला, तुला, बंडूला, धरणाला. बंडूने फाळका बंद केला नाही, उरेल त्या मालाची वाट पाहत बसला. करीमभाई एकेक खेकडा मोजत गेले. डोळे मिटून हात घालत गेले, तू घालायचीस तसा. हे त्यांनी कधी पाहिलं, मला माहीत नाही. ते तर दुकानातच बसायचे.

बहुतेक लहान निघाले. ते सगळे पाण्यात गेले. तुझी माळ त्या दिवशी लालच झाली असती.

सगळं आटपल्यावर ते बांगडी पुसत बसले होते. मी थर्मास त्यांच्यासमोर ठेवला. तो कोणाचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बांगडी जवळून पाहिली. नवी नव्हती. आतली बाजू घासून गुळगुळीत झाली होती, वर्षानुवर्षं घातलेली असावी तशी. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, “करीमभाई, दुकान तर तवापासून बंद हाये. ही कुठून आणली?”

त्यांनी बांगडी रुमालात गुंडाळली, गाठ मारली.

“तिच्या हातातली हाये.”